शिमिटाखालची वीट

भिंत बघायची झाली की ज्ञानूमामा गवंडी आधी तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करीत आणि कान लावून उभे राहत. तेवढ्यात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

नव्वदच्या दशकात मी दौंडला बांधकाम खात्यात नवखी ज्युनिअर इंजिनिअर होते. यवतजवळ मळ्यात कुणा इंग्रजानं राहायला बांधलेलं विटांचं घर होतं. जाड भिंती, कमानीच्या खिडक्या, उतरतं कौलारू छप्पर. त्यात आता गावचा दवाखाना होता. दारावरच्या कमानीला हातभर भेग पडली होती. ‘धोकादायक, पाडावे’ असा अहवाल मी लिहूनच नेला होता. दवाखाना गेला असता, तर बाळंतिणींना थेट दौंड गाठावं लागलं असतं.

गावानं बोलावलेले मामा भिंतीपासून बाजूला झाले. “म्याडम, भेग शिमिटाला हाय. कमानीला न्हाई.”

“कशावरून?”

“फोडून बघू की. कमान हलल्याली दिसली, तर तुमी म्हनाल तसं.”

मामांनी छिन्नीनं सिमेंटचा गिलावा उतरवला. आत लालभडक विटा. एका थरात विटांच्या लांब बाजू, वरच्या थरात नुसती टोकं, मधे चुना. कमानीची एक वीट सरकली नव्हती. खाली मात्र भिंत ओलीचिंब.

“चुन्यातनं वल भाईर पडती,” मामा म्हणाले. “शिमिटानं कोंडली, आन् आता ती विटा खाती.”

“कुणी लावलं हे सिमेंट?” मी चिडले.

मामा उंबऱ्यावर बसले. “म्याच. तवाचा सायेब म्हनला, लाव. मला कळत व्हतं, पन त्वांड उघडलं न्हाई.”

मी अहवाल फाडला.

पुढं दोन महिने मामांनी सगळं सिमेंट खरवडून चुना लावला. मी घाई केली की म्हणत, “घाईचा चुना आन् घाईचा जावई, दोगंबी तरास देत्यात.” दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून सांगत, “माझीच चूक निस्तरतुया.”

माझी शिरूरला बदली झाली, तेव्हा ते म्हणाले, “गडी गप ऱ्हायला म्हंजी त्याला पटलं, असं समजू नका. इचारा.”

वर्षभरात ते गेले. मला उशिरा कळलं.

तेव्हापासून प्रत्येक कामावर मी जुन्या गवंड्याला बाजूला घेऊन विचारते. शिक्रापूरला शाळेच्या खोल्या बांधताना असाच एक जण बराच वेळ घुटमळला, मग हळूच म्हणाला, “म्याडम, पाया कच्चा हाय.”

तो पाया मी उकरून पुन्हा भरून घेतला. तिथं शिकणाऱ्या मुलींना ज्ञानूमामा कोण, हे ठाऊक नाही. मला आहे.