अंतऱ्यातलं नाव
सरकीच्या तेलाचा वास आला की मला खामगावची ती सकाळची मैफल आठवते. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात सतरंज्या अंथरल्या होत्या. गुरुजी तोडी गात होते आणि मी मागे तंबोरा धरून बसलो होतो. समोर बाप होता. घरातला पहिला बी.ए. पोरगा मैफलीत बसणार म्हणून धुतलेला फेटा बांधून आलेला. गुरुजींनी मी रचलेली बंदिश उचलली तेव्हा माझा ऊर भरून आला. अंतऱ्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत असते. माझ्या नावाच्या जागी गुरुजींनी स्वतःचं नाव गायलं. लोकांनी वाहवा केली, आणि माझी बोटं तारा छेडतच राहिली. मैफल उठल्यावर बाप सरळ त्यांच्यापुढे गेला. वांग्यांना पाणी देताना त्यानं ते गाणं माझ्या तोंडून रोज ऐकलं होतं. "महाराज, हे तं माह्या पोराचं गाणं हाये. त्यात तुमचं नाव काऊन?" गुरुजी हसले. "बंदिश घराण्याची असते, पाटील." "मंग घराण्याचं नाव घ्या लागत होतं," बाप म्हणाला. परवा रेडिओवर तोडीतली तीच बंदिश लागली आणि रचनाकार म्हणून गुरुजींचं नाव सांगितलं. मी रेडिओ बंद केला नाही. बंदिश माझी होती.