गोजरबाईंची न लिहिलेली अट

दिनांक ११ एप्रिल २०२५ रोजी आहुपे परिसरातील शासकीय हिरडा खरेदी केंद्र जमिनीसह एका खासगी कंपनीच्या ताब्यात देण्यात आले. मी दोन हरकती नोंदवल्या. पहिलीची पोच मिळाली. दुसरीची तीही नाही. म्हणून ही नोंद.

ही जागा १९८६ साली याच गावच्या गोजरबाईंचे पती रामनाथ यांनी शासनाला विनामूल्य दिली. अट एकच : देवराईतला हिरडा इथे कधी घ्यायचा नाही. राईच्या तोंडाशी, देवासमोर, अधिकारी आणि गाव यांच्या देखत त्यांनी ती उच्चारली. कागदावर घातली नाही. देवाला साक्षी ठेवून बोललेले पुन्हा लिहून घेणे त्यांना अविश्वासाचे वाटले. मी कायदा शिकलो आहे, तरी या चुकीबद्दल मला त्यांचा राग येत नाही.

पती गेल्यावर गोजरबाई हंगामात वजनकाट्याशेजारी बसू लागल्या. प्रत्येक पोत्यावर हात ठेवून विचारीत, "कुठल्या झाडाचा गं?"

"आजी, झाडाचं आधारकार्ड आणू का?" गावातल्या ठकूबाईने एकदा टोला हाणला.

"आण की. देवाचा शिक्का तेवढा मारून आण."

सगळे हसले, पोते काट्यावर चढले. दुपारी ठकूबाई परतली, तेच पोते डोक्यावर घेऊन राईतला हिरडा राईतच रिकामा करून आली. गोजरबाईंनी आपली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. विषय तिथेच संपला.

ताबा घ्यायला आलेले कंपनीचे साहेब म्हणाले, "आजी, अशी अट करारात नाही."

"माजा मालक बोलला तवा सरकार हितंच उभं व्हतं की."

"आता सरकार नाही, कंपनी आहे."

"मंग पावणं, सरकारनं आयकलेलं गेलं कुठं?"

अटीवर मिळालेली जागा शासनाला अट गाळून कंपनीला देता येते काय, एवढाच माझ्या हरकतीतला प्रश्न होता. गोजरबाईंनी तो माझ्याहून नेमका विचारला. 

आता गोजरबाई केंद्राच्या फाटकाबाहेर बसतात. येणाऱ्या पोत्यावर हात ठेवतात, विचारतात. बायका अजून थांबून खरे सांगतात; पण कंपनीने राईतला मालही घेण्याचे जाहीर केले आहे, आणि गोजरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत.

वाचकहो, १९८६ साली ते शब्द ज्यांनी ऐकले, त्यांनी येत्या ग्रामसभेत उभे राहून ते सांगावेत आणि नोंदवलेल्या जबाबाखाली सही करावी. सहानुभूती नको. साक्ष द्या.