एक्केचाळीस नंबरची प्लेट

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामाच म्हणत. बावीस वर्षं काचेच्या चपट्या प्लेटांत बुरशी सांभाळली, पण त्यांच्या हातची प्लेट कधी नासली नव्हती. मामांच्या प्लेटवर बसायचं तर धुळीलाही परवानगी काढावी लागते, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम नव्या पोरांना सांगत. मामा मान खाली घालून बाटल्या विसळत, पण कान तिकडेच लागलेले.

यंदाची बुरशी जंतू मारणारं औषध बनवायची. कोणत्या जनुकाच्या जोरावर, ते शोधायचं होतं. मॅडम एकेका नमुन्यात एकेक जनुक बंद पाडत. मामा तो नमुना जंतू सारवलेल्या प्लेटच्या मधोमध लावत. औषध सुटलं की भोवतालचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटे. असे साठ नमुने.

एक्केचाळीस नंबरला कडं उमटलंच नाही. आपलाच हात चुकला असेल, वय झालं, असं मामांनी धरून घेतलं. मॅडम यायच्या आत ती प्लेट भट्टीत गेली, आणि चाळीसमधली बुरशी उचलून मामांनी नवी एक्केचाळीस लावली. तिला कसं गोल गरगरीत कडं आलं!

महिन्याभराने मॅडम खुर्चीत मटकन बसल्या. साठही प्लेटांना कडं आहे, म्हणाल्या. जिथे कडं नाही तिथे बंद पाडलेलं जनुक तेच आपलं, आणि ते मिळालंच नाही. सोमवारी काम गुंडाळायचं.

मामांच्या हातातली बाटली हातातच राहिली. कडं कशासाठी बघतात, हे बावीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. अडाणी दिसू, म्हणून.

घरी जेवताना मामा मान वर करेनात. बायको म्हणाली, "तोंड का लपवताय? चोरीबिरी केलीत की काय?" मामा पानावरून उठले.

सकाळी दारातूनच ते म्हणाले, "मॅडम, एक्केचाळीस ती एक्केचाळीस नाही. चाळीसच आहे. मी बदलली."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एक्केचाळीसचा मूळ नमुना फ्रीझरमध्ये होता. काम वाचणार होतं. त्यांनी किल्ली उचलली आणि दाराशी थांबल्या.

"एकच ना, मामा?"

असं मामांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"एकच."

मॅडमनी मान डोलावली. मग फ्रीझर उघडून साठही नमुन्यांच्या ट्यूबा बाहेर काढल्या.