अप्पांची पाटी आणि आमचं मशीन

तयार मशीन विकत आणलं की किस्से होत नाहीत. सुट्या भागांचं किट आणून घरी जोडा, मग बघा. मी आणि ऑफिसातला सागर, दोघंही सॉफ्टवेअरवाले. लाकडावर अक्षरं कोरणारं सीएनसी मशीन आम्ही वारज्यात माझ्या बाल्कनीत जोडायला घेतलं. आजही चहाला चार जण जमले की तेच निघतं.

घोळ माझ्याच तोंडाचा. माझे सासरे अप्पा नारायण पेठ सोडून आमच्याजवळ नव्या फ्लॅटमध्ये राहायला येणार होते. "दारावरची पाटी मी करतो," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. अप्पांनी जुन्या कपाटाच्या दाराची सागवानी फळी आणून दिली. "तुकडा एकच आहे," म्हणाले. "वास्तुशांत पुढच्या महिन्यात. तेवढं यंत्राला सांगून ठेवा."

* * *

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मोटर फिरेचना, नुसती थरथरायची. वायरींच्या जोड्या आम्ही रंग बघून लावल्या होत्या. किट पाठवणाऱ्याला रंगांशी काही देणंघेणं नव्हतं. सागर अमरावतीचा. कान लावून म्हणाला, "अबे, हे तं कण्हून राहिलं."

आतून माझ्या बायकोनं, वृंदानं विचारलं, "गरम पाण्याची पिशवी देऊ?"

* * *

जोड्या बदलल्यावर मोटर फिरली, तर मशीन मध्येच थांबायला लागलं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, लॅपटॉप बदलला, सागरनं तर नारळही फोडला. मग लक्षात आलं, वृंदा मिक्सर लावते तेव्हाच ते थांबतं! मिक्सरमुळे आमच्या वायरींत काहीतरी खरखर शिरायची आणि सॉफ्टवेअरला वाटायचं, मशीन कडेला जाऊन धडकलं.

"म्हणजे आता चटणीला परवानगी लागणार," वृंदा म्हणाली.

* * *

एकदा मी मिलिमीटरमध्ये काढलेलं चित्र सॉफ्टवेअरनं इंचात वाचलं. कोरणारं फिरतं बिट प्लायवूड सोडून थेट ते धरून ठेवणाऱ्या लोखंडी शिकंज्याकडे निघालं. मी लाल इमर्जन्सी बटण दाबलं. काही नाही. ते जोडायचंच राहिलं होतं.

सागर ओरडला, "वहिनी, मिक्सर!"

वृंदानं रिकामा मिक्सर फिरवला. मशीन जागच्या जागी गप्प. ते लाल बटण आम्ही पुढेही कधी जोडलं नाही.

* * *

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी अप्पा स्वतः बघायला आले. प्लायवूडवर आम्ही चाचणीचे गोल आणि चौकोन कोरून ठेवले होते, एकदम सुबक. अप्पांनी चष्मा लावून पाहिले. "छान. पण माझं आडनाव आपटे आहे."

फळी बसवली. वृंदानं मिक्सरचा प्लगच काढून ठेवला. मशीन एकदाही न अडता कोरत राहिलं, आणि मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत राहिलो.

भुसा झटकला. अक्षरं खोल, स्वच्छ, आणि आरशात दिसावीत तशी उलटी! एक मोटर पहिल्यापासून उलट्या दिशेनं फिरत होती. गोल आणि चौकोन उलटे झाले तरी कळणार कुणाला?

मला रडू यायचंच बाकी होतं. अप्पांनी फळी पिशवीत घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तोंड कसं दाखवायचं, या विचारात अप्पांच्या नव्या घराचा जिना चढलो. दारावर तीच फळी, पितळी स्क्रूंनी पक्की बसवलेली. खाली अप्पांच्या वळणदार अक्षरात एक पुठ्ठा:

"पाटी जावयांनी स्वतः केली आहे. हसून झाल्यावरच बेल वाजवावी."