तळ्याकाठच्या खुंट्या

चामराजपुरमहून मी रोज सकाळी तळ्यावर फिरायला जायचो. तिथे एक म्हातारे शिंपी दिसायचे. काठावर हॉटेल बांधायला कंत्राटदाराने ठोकलेल्या खुंट्या ते उपटून नीट रचून ठेवायचे.

“केरे सगळ्यांची, अल्लवा? हो की नाही?” म्हणायचे. तळ्याला ते कानडीत केरेच म्हणत.

एकदा कंत्राटदाराच्या माणसाने मला विचारलं, “खुंट्या कोण उपटतं?” मी घाबरून त्यांच्याकडे बोट दाखवलं. दिवसभर त्यांना पोलीस चौकीत बसवून ठेवलं.

पुढे बाजारात भेटले, तेव्हा मी मान खाली घातली.

“तुम्ही खरं तेच सांगितलं की. बेजार नका होऊ,” ते म्हणाले. “मुलगा आता मला तिकडे सोडत नाही.”

दुसऱ्या सकाळी खुंट्या जागच्या जागी होत्या. आसपास कुणीही नव्हतं. मी खुंट्यांना वळसा घालून पुढे गेलो.