दीड मिनिटाचं मौन

गोकुळभाऊ ताडकन उठून उभे राहिले, तेव्हा मौन सुरू होऊन जेमतेम दीड मिनिट झालं होतं. ठरलं होतं दहा मिनिटांचं.

"साहेब, नाही जमत," ते म्हणाले. "इथे मशीन चालू आहेत."

मी कान दिला. सुरतच्या उधन्यातलं माझं क्लिनिक रस्त्याला लागून आहे, पण आतली खोली मी मुद्दाम बंदिस्त करून घेतली होती. एसी बंद, पंखा बंद, जाड पडदा. आवाज कसलाही नव्हता.

"किती मशीन?" मी विचारलं.

"चोवीस तरी असतील. सगळी एकदम."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने.

हा आनंद कसला, ते सांगतो. मी एमडी फिजिशियन. शुगर, बीपी, ताप, छाती, हे बावीस वर्षं केलं. या मौनाच्या आदल्या महिन्यात मात्र चार दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आलो आणि पार बिघडलो. शरीर, मन आणि आत्मा एकत्र तपासल्याशिवाय माणूस बरा होत नाही, अशी माझी खात्री झाली. येताना काशाची एक वाटी आणली, लाकडी दांडी फिरवली की घुमणारी. चार पानी फॉर्म छापून घेतला. 'तुम्हाला शेवटचं निवांत कधी वाटलं?' असले त्यात प्रश्न.

रिसेप्शनवरच्या हंसाबेन पहिल्याच दिवशी आत आल्या. "साहेब, पेशंट विचारतात, एवढं लिहिल्यावर तरी इंजेक्शन मिळणार का?"

त्या शिबिरात एक गुरुजी होते. ते सांगायचे की साधना पिकली की पूर्ण शांततेत आतून एक आवाज ऐकू येतो. कुणी न वाजवता वाजणारा, अनाहत नाद. त्यांना वीस वर्षं लागली होती. आणि माझा पेशंट, अमळनेरकडून येऊन तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेला माणूस, दीड मिनिटात तिथे पोचला होता. वाटी आणून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मी स्वतःवरच खूश झालो.

गोकुळभाऊ माझ्याकडे आले होते एका सहीसाठी. ते जॉबर. लूमच्या शेडला आमच्याकडे खातं म्हणतात. त्या खात्यातली सगळी मशीन चालती ठेवणारा माणूस म्हणजे जॉबर. चांगला जॉबर दारातूनच सांगतो, कुठल्या मशीनचा ठोका चुकतोय. आठ दिवसांपूर्वी ते एका लूमपाशी मान खाली घालून तसेच उभे राहिले. दोघातिघांनी हाका मारल्या, यांनी वळून पाहिलं नाही. खांदा हलवल्यावर दचकले आणि म्हणाले, छातीत घाबरल्यासारखं झालं. सेठने त्यांना घरी पाठवलं. डॉक्टरचं फिट असल्याचं लेटर आणा, नाहीतर मशीनला हात लावायचा नाही.

तेवढं लिहून द्या म्हणून सेठचा मला रोज फोन. "हार्ट बराबर छे ने? बस, एटलुं लखी आपो."

हार्ट बराबरच होतं. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, थायरॉइडही नॉर्मल. पण नाडी एकशे दहा. हात एका जागी ठरत नव्हते, पाय खुर्चीखाली सारखा हलायचा, झोप उडालेली. रिपोर्ट चांगले आणि माणूस बेचैन, म्हणजे मन. माझा फॉर्म तयारच होता. गोकुळभाऊंनी तो इमानदारीने भरला. मी बोलताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मला वाटायचं, किती श्रद्धा आहे.

मी त्यांना मौनाच्या आणखी दोन बैठका दिल्या. दोन्ही वेळा ते घामेघूम होऊन उठले. मी समजावलं, "घाबरू नका. हा आवाज फार थोड्यांना ऐकू येतो. देवाची कृपा आहे."

ते कपाळ पुसत म्हणाले, "देवाचं काम असेल तर त्याला सांगा साहेब, शिफ्ट संपली."

चौथ्या खेपेला त्यांची बायको इंदुबाई सोबत आल्या. नवरा घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरतो, म्हणून वैतागलेल्या. मी त्यांनाही नादाचं सांगायला लागलो. डोळे मिटून, एक हात छातीवर ठेवून. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "साहेब, ह्यास्ले ऐकूच येत नही. टीव्हीना आवाज इतला ठेवतस का शेजारीन तिना घरमा बसीसन आमनी सिरीयल ऐकस."

मी डोळे उघडले. गोकुळभाऊ बायकोच्या तोंडाकडे बघत होते. तसंच, टक लावून.

मी पाठ फिरवली आणि साध्या आवाजात म्हणालो, "गोकुळभाऊ, बाहेर जाऊन बसा." ते जागचे हलले नाहीत.

त्याच दुपारी माझ्या ईएनटीवाल्या मित्राकडे ऑडिओमेट्री केली. म्हणजे काचेच्या खोलीत बसवून, वेगवेगळे आवाज देऊन ऐकण्याची तपासणी. दोन्ही कानांचा आलेख उजवीकडे, म्हणजे बारीक तीक्ष्ण आवाजांच्या बाजूला, दरडीसारखा कोसळलेला. लूमच्या खडखडाटात कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात. मग जो आवाज येत नाही, तो मेंदू स्वतःच तयार करतो. बाहेर जितकं शांत, तितका तो मोठा. मी त्या माणसाला पुन्हा पुन्हा त्याच्या सगळ्यात वाईट जागी नेऊन बसवत होतो. शरीर, मन, आत्मा असे तीन रकाने माझ्या फॉर्मात होते. कान त्यात कुठेच नव्हता.

"छातीचं का सांगितलंत?" मी मोठ्याने विचारलं.

"हार्ट म्हटलं तर सेठ घरी बसवतो, नारळपाणी पाठवतो," गोकुळभाऊ म्हणाले. "कान म्हटलं तर दुसरा जॉबर बघतो. साहेब, तुम्ही फक्त फिट लिहा. हार्ट फिट आहे ना? मग खोटं कुठे आहे त्यात?"

खोटं नव्हतंच. पण चालत्या पट्ट्याजवळ उभ्या माणसाला मागून मारलेली हाक ऐकू येत नसेल, तर त्या लेटरवर मी सही कशी करणार? आणि त्यांच्या परवानगीशिवाय कानाचं सेठला सांगणार कसा? मी केबिनमध्ये येरझाऱ्या घालायला लागलो. हंसाबेन दारातून म्हणाल्या, "साहेब, एक फॉर्म तुम्हीच भरा."

दोन दिवसांनी गोकुळभाऊ आले आणि खाली बघत म्हणाले, "सांगा सेठला. पण इथून नाही. खात्यात चला, माझ्यासमोर सांगा."

गेलो. तिथे सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे माझी गुप्त माहिती अर्ध्या खात्याने ऐकली असती. सुदैवाने कुणाचेच कान शाबूत नव्हते. सेठचा चेहरा पडला. "जॉबरने संभळाय नहीं, तो शुं कामनो?" ऐकू न येणारा जॉबर काय कामाचा, असा त्याचा सवाल.

गोकुळभाऊ रांगेत शिरले. प्रत्येक लूमच्या सांगाड्यावर तळहात टेकवत, मान खाली घालून पुढे सरकत गेले. सातव्या मशीनपाशी थांबले. "याचा पिकर ढिला झालाय." पिकर म्हणजे धोट्याला धक्का देणारा तुकडा. त्यांच्या जागी तात्पुरत्या आलेल्या जॉबरने मशीन थांबवून बघितलं. ढिला होता.

"गोकुळ, आ क्यारथी करे छे?" सेठने विचारलं.

"वर्ष झालं."

त्या दिवशी हाका मारल्या, तेव्हाही ते हेच करत होते.

चोवीस लूमचा एकट्याचा चार्ज मात्र गेला. आता जोडीला ऐकू येणारा एक जॉबर असतो, आणि प्रत्येक रांगेवर लाल दिवा लावला आहे. हाक मारायची तर बटण दाबायचं. कानाचं मशीन गोकुळभाऊ घालतात, मनात आलं तर. इअरप्लग सगळ्यांना दिले, ते सगळ्यांच्या खिशात असतात. झोपण्यासाठी मी शांततेऐवजी टेबलफॅन लिहून दिला, चांगला खडखडणारा. धडधड एकाही गोळीशिवाय तीन आठवड्यांत थांबली. तिचं मूळ मनातच होतं, तेवढं माझं बरोबर निघालं; पकडले जाऊ ही भीती. कानातली चोवीस मशीन अजून चालू आहेत.

फॉर्म मी बंद केला नाही, दोन पानांवर आणला. आणि आता पेशंट खोटं बोलतोय असं वाटलं, की मी रागवत नाही. तो कुठला अवयव लपवतोय, ते शोधतो.