दुसऱ्या टोकाचा लाल गोळा

आमच्या गल्लीच्या सार्वजनिक गणपतीपुढे त्या वर्षी आकाशातला रेणू मांडायचा, हे मी भांडून मंजूर करून घेतलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तारे जिथे जन्मतात त्या वायूच्या ढगांत मद्यार्काचा रेणू सापडला आहे, असं मी वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं. मंडळाचे अध्यक्षकाका भडकले. "देवापुढं दारू मांडणार? चकणापण ठेव मग!"

"काका, बाटली नाही मांडत. नऊ अणू मांडतोय. पटत नसेल तर मी घरी बसतो."

देखाव्याचं काम अंगावर घेणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून ते तयार झाले. पण बजावलं, "लोक हसले ना, तर पुढच्या वर्षी मंडपात दिसू नकोस."

गोळे शेजारच्या लुंग्या विणणाऱ्या लूमवाल्या शेठने दिले, वाया गेलेलं सूत गुंडाळून. दोन काळे कार्बनचे, सहा पांढरे हायड्रोजनचे, एक लाल ऑक्सिजनचा. तारेने जोडणीही त्यानेच केली. पहिल्या आरतीच्या आधी बघतो, तर दुसऱ्या टोकालाही काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये एक लाल गोळा!

"हा कुठून आला?"

"मी घातला. अरे भाई, एका बाजूला लाल, दुसरी कोरी. लुंगीचे दोन्ही काठ सारखे नकोत? म्हटलं, तू विसरलास."

"विसरलो नाही. हा वेगळाच रेणू झाला. हा आकाशात अजून कुणाला सापडलेला नाही."

काका आरतीचं तबक घेऊन उभे होते. "छान दिसतंय की! मोजायला कोण येतंय?"

"मी आलोय ना."

रेणू फिरताना ठरावीक रेडिओलहरी सोडतो. शास्त्रज्ञ या लहरी आधी प्रयोगशाळेत मोजतात, मग आकाशातून येणाऱ्या लहरींशी ताडून पाहतात. एखादी जुळून भागत नाही. बऱ्याच जुळल्या तरच रेणूचं नाव घेतात. एवढं करून त्यांनी नऊ अणू सांगितले, आणि मी शोभेसाठी दहा करू? खालच्या पाटीवर 'आकाशात सापडलेला रेणू' हे मीच रंगवलं होतं.

मी स्टुलावर चढलो. मागून कुणी ओरडलं, "ओ शास्त्रज्ञ, बाप्पा खोळंबलेत!"

"बाप्पाला खोटं चालत असेल तर सांगा," म्हटलं, आणि गोळा उपसून काढून पांढरा थेट काळ्याला जोडला. देखावा एका बाजूला कललेला दिसायला लागला. दिसू दे. लोक हसलेही. पुढच्या वर्षी मी मंडपात होतोच. काकांना विचारायला गेलो नाही.

बऱ्याच वर्षांनी तो दहा अणूंचा रेणूही आकाशात सापडल्याची बातमी आली. मीच जाऊन शेठला सांगितली. तो हसून हसून बेजार. "म्हणजे माझा काठ बरोबर होता! उगाच काढलास."

"आज बरोबर आहे," मी म्हणालो. "त्या दिवशी नव्हता. तो दिवस परत आला, तर परत काढीन."